मोरवेल आणि परावलंबन

परावलंबन या शब्दाला आपल्या भाषेंत चांगला अर्थ कधींच लाभला नाहीं. शाळेंतील निबंधांत स्वावलंबनाची थोरवी गातांना विरुद्ध पक्ष म्हणून त्याला उभें करावयाचें, एवढाच त्याचा उपयोग. आणि परावलंबनाचें मूर्तिमंत उदाहरण म्हणून जी बिचारी नेहमीं पुढें केली जाते ती वेल. वृक्ष ताठ उभा राहतो, वेल दुसऱ्याच्या जिवावर वाढते. तेव्हां मुलांनो, वृक्षासारखे व्हा, वेलीसारखे होऊं नका, हा उपदेश आपणांपैकीं बहुतेकांनीं ऐकलेला आहे, आणि ज्यांनीं अध्यापकाचा धंदा पत्करला त्यांनीं तो केलेलाहि आहे. या उपदेशांत वेलीवर अन्याय होतो कीं काय, हा प्रश्न कोणास क्षुद्र वाटेल. परंतु वेलीसंबंधींचें आपलें मत आणि माणसांसंबंधींचें आपलें मत हीं एकाच साच्यांतून निघालेलीं असतात. आणि दुसऱ्याचा आधार घेणें हें स्वभावतःच कमीपणाचें आहे काय, हा प्रश्न ज्या घरांतून आज एकाकी वृद्ध माणसें दिवस काढीत आहेत त्या घरांतून तरी क्षुद्र नाहीं. म्हणून एका वेलीची थोडी माहिती सांगून मग या प्रश्नाकडे वळावें असा माझा विचार आहे.

ती वेल म्हणजे मोरवेल. सह्याद्रीच्या घाटांतून हिंडणाऱ्यांस ती नांवानें नसली तरी डोळ्यांनीं परिचित असते. करवंदीच्या जाळीवर, रस्त्याच्या कडेच्या झुडपांवर ती पसरलेली दिसते. पाऊस ओसरूं लागला म्हणजे तिच्यावर पांढरट, नाजूक फुलांचे झुबके येतात, आणि फुलें गळून गेल्यावर प्रत्येक बीजाला रेशमी केसांचें एकेक शेपूट फुटून सारी वेल पुन्हां एकदां फुलल्यासारखी दिसते. तिची एक बहीण रानजाई या नांवानें ओळखली जाते. वैद्यकग्रंथांतील मूर्वा, जिच्या तंतूंची धनुष्याची दोरी होत असे, ती हीच असें कांहीं म्हणतात व दुसरे अगदीं निराळ्या वनस्पतीकडे बोट दाखवितात. तो वाद वैद्यांनीं मिटवावा. वनस्पतिशास्त्रज्ञ या सर्व कुळीला क्लेमॅटिस म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ वेलीची कोवळी फांदी एवढाच आहे. युरोपांतील बागांतून या कुळींतील मोठ्या फुलांच्या जातींचें फार कौतुक आहे. इंग्लंडांत सरे परगण्यांत वोकिंग येथील जॅकमन यांच्या रोपवाटिकेंत संकरानें तयार केलेल्या वेलीला १८६२ मध्यें मखमली जांभळीं फुलें आलीं, आणि पुढें ती वेल तिकडील साध्यासुध्या घरांच्या दारांपर्यंत जाऊन पोहोंचली. आपल्या हिमालयांतील एक जात त्यापूर्वींच, १८३१ मध्यें, गव्हर्नर जनरल अॅमहर्स्ट यांच्या पत्नीमुळें तिकडे गेली होती. गंमत अशी कीं, ज्यांना आपण या फुलांच्या पाकळ्या म्हणून नांवाजतों त्या वस्तुतः पाकळ्या नव्हेतच; कळीचें बाहेरचें आच्छादनच तेथें रंगून आलेलें असतें.

विलायती जातींना आमच्या देशावरचा उन्हाळा सहसा मानवत नाहीं. घाटांतील मोरवेल मात्र घरच्या बागेंत लावणें अवघड नाहीं. बी रुजण्यास फार वेळ घेतें. त्यापेक्षां पावसाळ्यांत एखादी लांबलेली फांदी मातींत दाबून तिला मुळें फुटूं द्यावीं आणि मग ती तोडून लावावी हें बरें. जागा निवडतांना एवढेंच पाहावें कीं, हिला माथ्यावर ऊन आणि पायांशीं सावली हवी. बुंध्याशीं एखादी फरशी किंवा फुटकीं कौलें मांडून ठेवलीं म्हणजे मुळें थंड राहतात. पाणी मुरावें, साचूं नये. बी उडून गेल्यावर, साधारण फाल्गुनाच्या सुमारास, सारी वेल दीड-दोन हातांवर निर्दयपणें छाटावी. फूल नव्या फुटीवर येत असल्यामुळें ही निर्दयता तिच्या हिताचीच ठरते. पान चुरगळून हाताला लावूं नये. वत्सनाभासारखी विषारी वनस्पति जिची सोयरी आहे अशी ही कुळी असून तिचा रस दाहक असतो व त्यानें कातडीवर फोड येतात. या शेवटल्या गोष्टीकडे मला पुढें पुन्हां यावयाचें आहे.

परंतु ज्यासाठीं मी या वेलीचा विषय काढला तें तिचें वैशिष्ट्य तिच्या चढण्यांत आहे. गोकर्णाचें खोडच आधाराभोंवतीं पीळ घालतें. काकडी, कारलें यांना तणावे असतात. मिरीची वेल मुळ्यांनीं सुपारीच्या खोडाला चिकटून वर जाते. मोरवेलीजवळ यांपैकीं एकहि साधन नाहीं. ती पानाच्या देठानें धरते. जें पान तिच्यासाठीं सूर्यप्रकाश खाऊन अन्न शिजवितें त्याच पानाचा देठ हाताचें काम करतो. चार्ल्स डार्विन यानें चढणाऱ्या वनस्पतींवर एक दीर्घ निबंध लिहिला. तो १८६५ मध्यें लिनियन सोसायटीच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला आणि १८७५ मध्यें पुस्तकरूपानें निघाला. त्यांत या कुळीच्या कित्येक जातींवर त्यानें केलेले प्रयोग आहेत. कोवळा देठ काडीनें हलकेंच घासला तर तो घासलेल्या बाजूकडे वळतो, आणि तेथें धरण्यासारखें कांहीं न सांपडलें तर कांहीं वेळानें पुन्हां सरळ होतो, असें त्याला आढळलें. बारीक धाग्याचा फास अडकविला तर तेवढ्या भारानेंहि देठ वांकतो. याहून मला महत्त्वाची वाटते ती त्याची दुसरी नोंद. ज्या देठाला कांहींच धरावयास मिळालें नाहीं तो बारीक आणि लवचीक राहतो. ज्यानें काटकी धरली तो हळूहळू जाड व कठीण होत जातो, आणि एका जातींत तर हिवाळ्यांत पान गळून गेल्यावरहि देठ तसाच आधाराला मिठी मारून राहतो. म्हणजे आधार घेतल्यानें बळ जातें ही आपली समजूत निदान येथें तरी उलटी पडते. धरण्यामुळेंच या वेलीला बळ येतें. स्वतः डार्विन आयुष्याचा मोठा भाग आजारी होता आणि पत्नीच्या अखंड शुश्रूषेवाचून त्याच्या हातून एवढें काम होतेंना, ही गोष्ट येथें आठवल्यावांचून राहत नाहीं.

आतां आधाराविषयीं. या देठाला अर्ध्या इंचाहून जाड वस्तूभोंवतीं वेढा घालतां येत नाहीं. ओसरीचा सागवानी खांब तिच्या कामाचा नाहीं. आंब्याचा भरदार बुंधा शेजारीं असूनहि, त्याच्या बारीक फांद्या हातीं लागेपर्यंत, ती त्याच्या पायथ्याशीं निरुपाय होऊन लोळत राहते. तिला हवी सुतळी, बारीक तार, तुराट्या, झुडपाची डहाळी. आणि हें असलें एकहि पुरत नाहीं, पुष्कळ लागतें. कारण दर वीतभर अंतरावर नवीं पानें फुटतात व तीं आपआपल्यापुरती एकेक काडी शोधतात. एखादी सुतळी कुजून तुटली तरी वेल कोसळत नाहीं. तिचा भार इतक्या ठिकाणीं वांटलेला असतो कीं, तो कोणा एकाला जाणवूं नये.

येथें वेल आणि बांडगूळ यांतील भेद ध्यानांत घेतला पाहिजे. बोलण्याच्या ओघांत आपण दोहोंना एका माळेंत ओंवतों. बांडगूळ आंब्याच्या फांदींत आपलें मूळ रुतवून तिच्यांतील रस ओढून घेतें. अमरवेलीला तर रुजून वर आल्यावर जमिनीशीं कांहींच संबंध उरत नाहीं. तिचें सारें जगणेंच दुसऱ्याच्या अंगावर. मोरवेल ज्या काठीवर चढते त्या काठीचा एक थेंबहि ती पीत नाहीं. तिचें मूळ तिच्या स्वतःच्या जमिनींत आहे, तिचें अन्न तीच शिजविते. तिच्याजवळ नाहीं तो फक्त उभें राहण्याचा कणा, आणि तो नाहीं याचें कारण असें कीं लाकूड घडविण्यांत जी शक्ति वृक्ष खर्च करतो ती तिनें उंची गांठण्यांत व फुलण्यांत खर्च केली. माणसांच्या बाबतींतहि, अमुक मनुष्य दुसऱ्यावर अवलंबून आहे एवढ्यानें कांहींच ठरत नाहीं. तो काय घेतो, कोठून घेतो आणि त्याचें स्वतःचें मूळ कोठें आहे, हें विचारावें लागतें. हे प्रश्न न विचारतांच आपण सर्व अवलंबनाला एकच नांव देऊन मोकळे होतों.

तत्त्वज्ञांनीं या कामीं आपणांस फारशी मदत केलेली नाहीं. ॲरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्रांत महामना पुरुषाचें जें चित्र काढलें आहे त्यांतला हा पुरुष उपकार करतो, पण उपकार घेण्याची त्याला लाज वाटते. केलेले उपकार त्याच्या स्मरणांत राहतात, घेतलेले राहत नाहींत. कारण देणारा वरचा आणि घेणारा खालचा. पुढें दोन हजारांवर वर्षांनीं, १८४१ मध्यें, अमेरिकेंत इमर्सननें आत्मनिर्भरतेवर आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. आमच्या पिढीला तो महाविद्यालयांत शिकविला गेला व आम्हींहि तो पुढच्या पिढीला उत्साहानें शिकविला. त्या निबंधाचें तेज मला अजूनहि नाकारतां येत नाहीं. परंतु इमर्सनचा मित्र थोरो हा १८४५ मध्यें वॉल्डन तळ्याकांठीं स्वावलंबी जीवनाचा प्रयोग करावयास गेला, तेव्हां ज्या जमिनीवर त्यानें झोंपडी उभारली ती इमर्सनची होती, आणि झाडें तोडण्यासाठीं कुऱ्हाड त्यानें दुसऱ्या कोणाची मागून आणलेली होती. थोरोचा मोठेपणा असा कीं त्यानें हें लपविलें नाहीं. उलट घेतली त्याहून अधिक धार लावून ती परत केली असें तो अभिमानानें सांगतो. मागून आणलेल्या कुऱ्हाडीची हकीकत आत्मनिर्भरतेच्या ग्रंथांत यावी, हें त्या ग्रंथाच्या खरेपणाचें लक्षण मी समजतों. ॲलिस्डेर मॅकिंटायर या तत्त्वज्ञानें १९९९ मध्यें प्रसिद्ध केलेल्या एका पुस्तकांत, नीतिशास्त्रानें बाल्य, आजार आणि वार्धक्य यांतील परावलंबनाकडे इतकीं शतकें पाठ फिरविली, याबद्दल आपल्याच पूर्वसूरींना जाब विचारला आहे. मनुष्य जन्मतो तो दुसऱ्यांच्या हातांत आणि बहुधा मरतो तोहि दुसऱ्यांच्या हातांत. मधल्या कांहीं धडधाकट वर्षांचा हिशेब मांडून सबंध आयुष्याचें नीतिशास्त्र रचणें हें तर्कदृष्ट्याहि बरोबर नाहीं. आणि त्या मधल्या वर्षांतहि, मी कोणाचा मिंधा नाहीं असें म्हणणाऱ्या गृहस्थाच्या हातांत चहाचा पेला कोणीं आणून दिला, हें बहुधा विचारलें जात नाहीं.

आमच्या संस्कृत कवींनीं वेलीला तुच्छ मानलें नाहीं. पण त्यांनीं दुसरी एक गोष्ट केली. त्यांनीं वेल म्हणजे स्त्री आणि वृक्ष म्हणजे पुरुष असें समीकरण मांडून ठेवलें. शाकुंतलांत शकुंतलेची लाडकी वेल वनज्योत्स्ना आम्रवृक्षाला जणूं वरून बसली आहे. आणि चौथ्या अंकांत कन्येला निरोप देतांना कण्वमुनि समाधान मानतात तें असें कीं, या वेलीला आम्रवृक्ष मिळाला, तुलाहि अनुरूप पति मिळाला, आतां मी दोघींविषयींहि निश्चिंत झालों. प्रेक्षकांचे डोळे येथें भरून येतात. परंतु कालिदासाचा विवेक असा कीं, पुढल्याच अंकांत तो आम्रवृक्ष वेलीला ओळखीत नाहीं. राजा तिला नाकारतो, आश्रमांतून बरोबर आलेले ऋषिकुमार तिला परत न्यावयास तयार नसतात, आणि त्या भरल्या दरबारांत, प्रसूति होईपर्यंत ही माझ्या घरीं राहूं दे, असें म्हणणारा एक पुरोहितच तेवढा निघतो. एका भरदार खोडावर सारा भार टाकणाऱ्या वेलीचें काय होतें याचें याहून स्पष्ट चित्र मला दुसरें माहीत नाहीं. बाल्यांत पिता, यौवनांत पति व वार्धक्यांत पुत्र अशीं तीन खोडें स्मृतिकारांनीं स्त्रीला नेमून दिलीं, तीं एकामागून एक, आणि एका वेळीं एकच. यांत आधार दिसतो, पण तो असा जाड आहे कीं धरणाऱ्याला त्याभोंवतीं आपला हात नेतां येत नाहीं. तोच धरणाऱ्याला धरून ठेवतो. परावलंबनांत जो खरा कमीपणा आहे तो येथें आहे, असें मला वाटतें. आधार एकच असला, आणि तो सुटल्यास दुसरा नाहीं हें दोघांनाहि ठाऊक असलें, म्हणजे आधार देणारा कितीहि सज्जन असो, तो मालक होतो.

याच्या उलट उदाहरण द्यावयाचें तर मला माझ्या आजोबांचें देतां येईल. कोंकणांतून शिकण्यासाठीं ते पुण्यास आले तेव्हां वारांनीं जेवत असत. ही चाल आतां ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं सांगावयाचें तर, गरीब विद्यार्थ्यानें आठवड्याचे सात दिवस सात घरें ठरवून घ्यावयाचीं. सोमवारीं एकाकडे, मंगळवारीं दुसऱ्याकडे, असें. कोणत्याहि घराला आठवड्यांतून एका पानाहून अधिक भार नाहीं, आणि कोणत्याहि घराला त्या मुलावर एक दिवसाहून अधिक हक्क नाहीं. एखाद्या धनिकानें त्यांना सबंध पोसलें असतें तर त्याच्या दिवाणखान्यांतील दिवे पुसणें, त्याच्या मुलाला ओझें वाहून शाळेंत पोहोंचविणें आणि त्याच्या मताला मान डोलविणें हें ओघानेंच आलें असतें. सात घरांच्या सात बारीक दोऱ्यांवर मात्र ते मॅट्रिकपर्यंत चढले आणि मान ताठ राहिली. ती चाल गोड होती असें मी म्हणत नाहीं. गुरुवारच्या घरीं पानावर बसलें कीं त्या घरचीं मुलें एकमेकांकडे पाहून हंसत, हें ते ऐंशीव्या वर्षींहि विसरले नव्हते, आणि जन्मभर कोणाच्या घरीं त्यांनीं भात दुसऱ्यांदा मागून घेतला नाहीं. परंतु बुधवारच्या घरची आजीबाई आमटींत त्यांच्यासाठीं गुळाचा खडा जास्त टाकी, हेंहि ते विसरले नव्हते.

त्या सात घरांचीं दारें कोणाला उघडीं होतीं हेंहि येथेंच सांगितलें पाहिजे. न सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल. तीं ब्राह्मणाच्या मुलाला उघडीं होतीं. तितक्याच हुशार आणि तितक्याच भुकेल्या इतर जातींच्या मुलांना त्या शहरांत एकहि वार मिळाला नसता. बागेंत सुतळ्या बांधल्या होत्या खऱ्या, पण त्या एकाच वाफ्यावर. दुसऱ्या वेलींना चढतां आलें नाहीं तर त्यांना चढण्याची हौसच नाहीं, असें म्हणावयास आपण मोकळे. कोल्हापुरास शाहू छत्रपतींनीं १९०१ पासून निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठीं वसतिगृहें काढण्यास आरंभ केला तो ही उणीव ओळखून. भाऊराव पाटील यांनीं १९१९ मध्यें रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ मध्यें साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांनीं एकत्र राहण्याजेवण्याचें वसतिगृह सुरू केलें. भाऊरावांच्या संस्थेचें ब्रीद स्वावलंबनाचें. मुलांनीं काम करून शिकावें हा त्यांचा आग्रह. तरी वसतिगृहांतील मुलांच्या पोटासाठीं भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचे दागिने गेले, मंगळसूत्रहि गेलें. स्वावलंबनाची एवढी मोठी शाळा त्या माउलीच्या गळ्यांतल्या काळ्या पोतीवर उभी राहिली, ही गोष्ट ब्रीदवाक्याला कमीपणा आणते असें मला वाटत नाहीं. त्या ब्रीदाचा पुरा अर्थ तिच्यावांचून लागत नाहीं इतकेंच.

येथपर्यंत मी वेलीचें वकीलपत्र घेऊन बोललों. तिच्याविरुद्ध पुरावा नाहीं असें मात्र नाहीं, आणि तो तिच्या घराण्यांतूनच मिळतो. युरोपांतील रानांत या कुळीची एक पांढऱ्या फुलांची जात कुंपणांवर वाढते. जेरार्ड या इंग्रज वनस्पतिकारानें १५९७ मध्यें आपल्या ग्रंथांत तिला वाटसरूचा आनंद अशा अर्थाचें गोड नांव दिलें. तीच जात शोभेसाठीं म्हणून न्यूझीलंडांत नेली गेली, आणि तेथें तिनें रानेंच्या रानें झांकून टाकलीं. ती रस पीत नाहीं हें खरें. पण आधार देणाऱ्या झाडाच्या माथ्यावर पसरून ती त्याचा प्रकाश बंद करते, आणि झाड खालीं गुदमरून मरतें. न घेतांहि मारतां येतें. अशीं माणसेंहि आपण पाहतों. त्यांनीं आपला पैसा कधीं घेतलेला नसतो, पण त्यांच्या तक्रारींच्या, त्यांच्या दुःखाच्या, त्यांच्या प्रेमाच्यासुद्धां पसाऱ्याखालीं घरांतील दुसऱ्या कोणाला ऊन मिळत नाहीं. अशा वेलीला फाल्गुनांतली छाटणी हवीच, आणि ती करणाऱ्यानें मनाला लावून घेऊं नये.

याच जातीला फ्रेंच लोक भिकाऱ्यांची वनस्पति म्हणतात. तिकडील भिकारी तिचीं पानें अंगाला चोळून फोड उठवीत आणि त्या जखमा दाखवून भीक मागत, अशी त्या नांवामागची हकीकत आहे. एकाच वेलीला एक देश वाटसरूचा आनंद म्हणतो व दुसरा भिकाऱ्याचें ढोंग, यांत नवल नाहीं. अवलंबनाचीं दोन्ही रूपें तिच्यांत आहेत. मात्र हें वाचून भिकाऱ्याच्या लबाडीबद्दल आपण जितक्या तत्परतेनें नाक मुरडतों तितक्या तत्परतेनें दुसरा प्रश्न विचारीत नाहीं. धडक्या कातडीच्या उपाशी माणसाला त्या रस्त्यावर कोणी भाकरी दिली असती काय? जेथें जखम पाहिल्याशिवाय हात खिशांत जात नाहीं तेथें जखमा वाहत्या ठेवल्या जाणारच. आपल्याकडे मदतीच्या अर्जांवर दारिद्र्याचीं, अपंगत्वाचीं, वैधव्याचीं प्रमाणपत्रें जोडून रांगेंत उभीं असलेलीं माणसें पाहिलीं म्हणजे मला तें फ्रेंच नांव आठवतें. लबाडी नको म्हणून आपण पुरावा मागतों हें समजतें. पण माणसाला आपली जखम पुनःपुन्हां उघडून दाखवावयास लावणें याचीहि एक किंमत आहे, आणि ती मागणाराच भरतो.

आतां ज्या घरांविषयीं मी आरंभीं बोललों त्यांच्याकडे येतों. माझ्या वयाच्या आणि माझ्याहून वडील अशा शिकल्यासवरल्या लोकांत एक वाक्य हल्लीं वारंवार ऐकूं येतें: आम्हांला कोणावर ओझें होऊन राहावयाचें नाहीं. मुलें परदेशांत किंवा दुसऱ्या शहरांत असतात, त्यांचे संसार त्यांना पुरे झालेले असतात, आणि आईबाप हें वाक्य उच्चारून फोन खालीं ठेवतात. त्यांत प्रेम आहे, मानीपणा आहे. त्याला नांवें ठेवण्याचा माझा हेतु नाहीं. पण त्यांत आणखीहि कांहीं आहे असें मला एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यांच्या प्रसंगावरून वाटूं लागलें. ते निवृत्त होऊन वीस वर्षें झालीं. पत्नी वारल्या, मुलगी दूरदेशीं. गेल्या वर्षीं त्यांच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली ती त्यांनीं कोणालाहि कळूं दिली नाहीं. डोळ्यावर पट्टी असतां ते चाचपडत भात लावीत होते. खालच्या मजल्यावरील कुटुंबानें डबा देऊं केला तो त्यांनीं हात जोडून परत पाठविला. मी भेटावयास गेलों तेव्हां म्हणाले, "मीं आजवर कोणाचें कांहीं ठेवलें नाहीं. आतां शेवटीं कशाला?"

या गृहस्थांनीं तीस वर्षें आपल्या घरीं गरीब मुलांना संस्कृत फुकट शिकविलें. पांचपंचवीस मुलें तरी त्यांच्या आधारानें वर आलीं. मीं विचारलें, "त्या मुलांनीं आपलें ठेवून घेतलें, तें आपणांस चाललें ना?" ते कांहीं वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "तें वेगळें."

तें वेगळें, या दोन शब्दांत ॲरिस्टॉटलचा महामना पुरुष सबंध मावतो. देण्यांत मला आनंद आहे आणि घेण्यांत मला लाज आहे, असें जो म्हणतो त्यानें नकळत एक गोष्ट कबूल केलेली असते: ज्यांना आपण दिलें ते घेतांना लाजिरवाणे झाले, असें तो मनांतून मानीत आला. नाहींतर त्या मुलांना जें शोभलें तें त्यांना स्वतःला न शोभण्याचें कारण काय? सदैव देणारा आणि कधींच न घेणारा माणूस दुसऱ्या सर्वांना आपल्या ऋणांत ठेवतो आणि ऋणमुक्तीची वाट आंतून कडी घालून बंद करतो. डबा घेऊन वर आलेली ती बाई परत जिना उतरली तेव्हां तिचा उपकार नाकारला गेला होता एवढेंच नव्हे. आपण या माणसाच्या उपयोगी पडण्याइतक्या मोठ्या नाहीं, असेंहि तिला सांगितलें गेलें होतें. सहकाऱ्यांच्या मनांत तसें मुळींच नव्हतें, याची मला खात्री आहे. पण बंद दाराबाहेर उभ्या असलेल्याला आंतल्याचें मन दिसत नाहीं.

हें सगळें मीं त्यांना याच शब्दांत सांगितलें नाहीं. वडील माणसाशीं असें बोलवत नाहीं. मीं फक्त आजोबांच्या वारांची हकीकत सांगितली आणि ती त्यांनीं एखाद्या पूर्वपक्षासारखी शांतपणें ऐकून घेतली. दोन आठवड्यांनीं कळलें कीं, त्यांनीं दोन वार लावून घेतले आहेत. मंगळवारीं खालच्या मजल्यावरून आणि शनिवारीं समोरच्या घरून डबा येतो. अधिक घरें ठरविण्यास ते तयार नाहींत. एका वहींत ते प्रत्येक डब्याची तारखेनिशीं नोंद ठेवतात, आणि शनिवारच्या डब्याची फेड म्हणून त्या घरच्या मुलीला त्यांनीं अमरकोश शिकवावयास घेतला आहे. त्या मुलीला अमरकोश अजिबात नको आहे, असें तिच्या आईनें मला जिन्यांत हळूच सांगितलें. पण ती जाते.